आपांच्या सात सुया

मांजराच्या तोंडातून लोंबणारा दोरा मी ओढला. विचार न करता, ताबडतोब, असं मी आयुष्यात फार थोडं केलं आहे. त्यातलं हे एक. एरवी मी दहादा विचार करून चुकतो.

मांजर माझं नव्हतं, शेजारच्या जैबुन्निसा आपांचं होतं. सुई मात्र माझी, दोरा माझा, आणि सुईदोरा हातात धरायची हौसही माझीच. आपांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, आणि हे मी त्यांना पाच तास सांगितलं नाही. त्या पाच तासांत त्यांनी जे केलं ते पाहिल्यावर आपा म्हणजे काय चीज आहे ते मला कळलं. तोपर्यंत चार वर्षं शेजार करून मी त्यांना नुसतं चक्रम समजत होतो.

मी तेव्हा औरंगाबादेत पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. साहेबलोकांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि शाईनं रेघ न् रेघ उतरवून काढायची, हे माझं काम. जायकवाडीचे कालवे जमिनीवर यायच्या आधी माझ्या टेबलावरून गेले, हे मी अजूनही कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पैठण गेटाजवळच्या एका गल्लीत दोन खोल्या एकाच ओसरीवर उघडायच्या. डावीकडची माझी, उजवीकडची आपांची. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. पहिल्या दिवशी कामधंदा विचारला आणि तेव्हापासून मी ट्रेसरसाब झालो.

आपा रफू करायच्या. फाटलेल्या, जळलेल्या, उंदरानं कुरतडलेल्या कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि ते भोकावर पुन्हा उभे-आडवे विणायचे. काम संपलं की भोक कुठं होतं हे मालकालाही सापडता कामा नये. हा हुन्नर त्यांच्या वडिलांचा. निजामाच्या अमलात मोठमोठ्या अंमलदारांच्या शेरवान्या त्यांच्याकडं यायच्या. पोलीस ॲक्शन झाली, शेरवान्या पेट्यांत गेल्या, मागोमाग वडीलही गेले, आणि सतरा-अठरा वर्षांच्या आपांनी त्याच सुया घेऊन लोकरी पतलुनींवर काम सुरू केलं. "शेरवानी गेली, पतलून आली," त्या म्हणायच्या, "भोक तेच हाय." टेरिकॉट आलं तेव्हा मात्र त्या कावल्या. विडी-सिगारेटची ठिणगी पडली की लोकर जळते. टेरिकॉट वितळतं आणि भोकाची कड दगडासारखी घट्ट होते. "ह्या कापडाला नीट मरायचं पण मालूम नाय," असं म्हणत त्या ते कपडे दोन बोटांत धरून परत करायच्या. मी सिगारेट ओढायचो आणि झोप आली तरी विझवायचो नाही. त्यामुळं शेजारधर्म आणि गिऱ्हाइकी या दोन्ही नात्यांनी मी त्यांच्याकडं जाऊन-येऊन होतो.

नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी नसीम लग्न होऊन बिडकीनला. घरात माणूस म्हणून आपा आणि माणसाच्या वर म्हणून ठिगळी. ठिगळी म्हणजे ते मांजर. अंगानं पांढरीशुभ्र, आणि पाठीवर बरोबर मधोमध काळा चौकोन. वाटावं, कुणीतरी घाईत तुकडा जोडून दिला आहे. रफूगाराच्या घरात ठिगळ, म्हणून सगळी गल्ली हसायची. आपा म्हणायच्या, "अल्लानं केलंय, मी काय बोलू? मी केलं असतं तर दिसू दिलं नसतं."

आपा बसल्या आहेत आणि बसूनच आहेत, असं काही व्हायचं नाही. चार टाके घातले की उठल्या. ओसरी झटकली, मांडी झटकली, पुन्हा बसल्या. जमिनीवर पांढरी चादर अंथरून त्यावरच काम करायच्या. दारात भाजीवाली आली तरी आधी सुई डबीत, मग चादरीची चारी टोकं गोळा करून गाठोडं खुंटीला, मग भाजी. भाजीवाली तोवर पुढच्या गल्लीत गेलेली असायची. डबी पितळेची, झाकण घट्ट, आत सुया सात. कापलेला प्रत्येक धागा, नखाएवढा का असेना, अरुंद तोंडाच्या एका निळ्या बाटलीत जायचा. सुई पडद्याला खोचली, उशीला खोचली, बाहीला खोचली असं त्यांच्याकडं कधीच नाही. "सुईला घरं दोन," त्या म्हणायच्या. "हात, नायतर डबी. तिसरं घर म्हणजे कबर."

हे सगळं ठिगळीसाठी. मी एकदा म्हणालो, "आपा, मांजर शहाणं असतं. सुई गिळायला ते काय वेडं आहे?"

"सुई गिळत नाय ते," आपा म्हणाल्या. "दोरा गिळतं. मांजराची जीभ तुम्ही पाहिली का? काटे असतात, आतल्या बाजूला वळलेले. दोरा तोंडात गेला का त्याला थुंकता येत नाय. आतच जातो. अन् मागं सुई असली तर सुई पण जाते, डोलीमागं वऱ्हाड जातं तशी. सुई इमानदार हाय, ट्रेसरसाब. टोचून सांगते, मी हितं हाय. दोरा मुका अन् बेइमान."

"तुम्ही कधी पाहिलंय असं?"

"अब्बांनी एकदा पडद्याला सुई खोचली होती," एवढंच म्हणून त्या उठल्या आणि मांडी झटकायला लागल्या. पुढं विचारायचं नाही हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

पाहुण्याबाईंचीही सुटका नसे. येताना साडीला किती पिना, अंबाड्यात किती आकडे, ते आपा नजरेनं टिपून ठेवायच्या आणि जाताना पुन्हा पाहायच्या. पोस्टमन टपालाच्या गठ्ठ्याचं रबर ओसरीवर टाकायचा. ठिगळीला रबर म्हणजे जीव की प्राण. आपांनी पोस्टमनला ते रबर त्याच्याच खिशात घालायला लावलं, आणि रोज लावलं. बटणं, नाडीचा तुकडा, इलॅस्टिक, हुक, कात्री, सगळं झाकणाखाली. कात्रीसुद्धा टोक खाली करून डब्यात. "मांजर उडी कुठून मारील हे त्याला पण मालूम नसतं, तर मला कसं असेल?"

एका नव्या वर्षाला मी त्यांना कॅलेंडर भेट दिलं. कुठल्याशा दुकानाचं होतं. चित्रात निळ्या डोळ्यांचं मांजराचं पिल्लू, लोकरीच्या गुलाबी गुंड्यात गुरफटून खेळतंय. मला वाटलं, मांजरही आलं, धागाही आला. याहून योग्य भेट कोणती? आपांनी ते हातात धरलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी खुनाचा फोटो दिला.

"हे कुणी काढलं?"

"आपा, चित्र आहे. गोड आहे."

"दोन मिनिटांनी ह्याच्या गळ्याला फास बसणार. मागचा पाय बघा, गुतला हाय आधीच. अन् काढणारा बसलाय रंग देत."

त्यांनी कॅलेंडर परत केलं नाही, माझा मान ठेवला. पिल्लावर पांढरा कागद चिकटवला आणि खालच्या तारखा वर्षभर वापरल्या.

माझ्या हातून एकच चांगली गोष्ट झाली. मोडक्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक काढून मी ते काठीला बांधून दिलं. आपा रोज संध्याकाळी, ठिगळीला आत घ्यायच्या आधी, ती काठी जमिनीवरून फिरवायच्या. त्यांच्या स्वतःच्या सुया कधीच लागायच्या नाहीत. गिऱ्हाइकांनी आणलेल्या टाचण्या लागायच्या. मी कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो की म्हणायच्या, "चांगलं हाय. पण चुंबकाला दोरा दिसत नाय." आणि गुडघ्यांवर बसून फरशीची एकेक फट बोटानं चाचपायच्या. मला ते पाहूनच अस्वस्थ व्हायचं. माणसानं थोडं तरी देवावर सोडावं, असं माझं मत होतं.

आता माझी हौस. मला वाटायचं, रेघ मारणं आणि रफू करणं यात फरक तो काय? दोन्हीकडं नजर पाहिजे, हात थरथरता कामा नये. मी आपांना म्हणालो, मला शिकवा. आपा हसल्या. "तुमची रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडता येते."

"तरी शिकवा."

"तुमच्या हातात मी सुई देणार नाय, ट्रेसरसाब. तुम्ही सिगारेट कुठं ठेवली ते विसरता."

हे मला लागलं. त्याच सुमारास मला मुलगी पाहायला जायचं होतं आणि माझ्या एकमेव लोकरी कोटाला कोपरापाशी भोक पडलेलं होतं. आपांकडं लग्नसराईचं काम तुंबलेलं. त्यांनी आठ दिवसांनी आणा म्हणून सांगितलं. मी ठरवलं, स्वतः करून दाखवायचं. गुलमंडीवरून सुयांचं पाकीट आणि दोऱ्याचं रीळ आणलं. पोटात दुखतंय अशी चिठ्ठी लिहून एक दिवस किरकोळ रजा घेतली आणि सकाळी नऊपासून एका जुन्या मफलरवर सराव सुरू केला.

आपांचे हात मी चार वर्षं चोरून पाहिले होते, त्यामुळं मला सगळं येतं अशी खात्री होती. त्या दोरा वीतभरच घ्यायच्या. मी पुन्हा पुन्हा ओवावा लागू नये म्हणून हातभर घेतला. त्या दोरा ओवायच्या आधी एका पिवळट गोळ्यावरून ओढायच्या, म्हणजे तो लोकरीतून सुळकन जातो. माझ्याकडंही पिवळट होतं. मी तेच लावलं. खरोखरच सुळकन जात होता. दहाच्या सुमाराला चहाची तल्लफ आली. सुई मी खुर्चीच्या हातावरच्या गादीला खोचली आणि स्टोव्ह पेटवायला मागं गेलो.

परत आलो तर ठिगळी खुर्चीवर. मान पुढं काढून गिळतेय, पुन्हा गिळतेय, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून चार बोटं दोरा लोंबतोय. गादीवर सुई नाही. मग मी ते केलं जे पहिल्या ओळीत सांगितलं आहे. दोरा थोडा आला. मग अडकला. मी आणखी जोर लावला. ठिगळीनं असा आवाज काढला की तो मांजराचा वाटेना, आणि दोरा तटकन तुटून माझ्या हातात आला. माझ्या मनगटावर पंजाच्या चार रेघा उठल्या. चारही अगदी समांतर. ती आपांच्या खोलीत पळाली आणि त्यांच्या पेटीखाली शिरली.

आपा घरी नव्हत्या, तयार कपडे पोचवायला गेल्या होत्या. त्या असत्या तर मी सांगितलं असतं, असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. मी काय केलं ते सांगतो. घशात माशाचा काटा अडकला की केळं खातात, म्हणून केळं आणलं. मांजर केळं खात नाही. भाकरीचा कोरडा तुकडा टाकला. तो मुंग्यांनी नेला. मग मी ओसरीवर फेऱ्या घालायला लागलो. गेलं ते पोटात गेलं, उद्या बाहेर पडेल, असं मनाशी म्हणत गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, परत आलो. पेटीखाली वाकून पाहिलं. ती लाळ गाळत पंजानं तोंड खाजवत होती. पुन्हा गल्लीच्या तोंडापर्यंत. ठिगळीच्या राखेच्या खोक्यापाशी तर मी चार वेळा जाऊन आलो. काही आल्याचं दिसेना.

बाराला आपा आल्या. पाच मिनिटांत त्या दारात होत्या. "ट्रेसरसाब, ठिगळी पेटीखालून येत नाय. तुमच्याकडं काय खाल्लं का तिनं?"

"नाही," मी म्हणालो. "थोडी साय."

ही माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी, कारण ही विचार करून केलेली.

आपा आत गेल्या. मला माझ्या दारातून सगळं दिसत होतं. त्यांनी डबी उघडली. सात. पुन्हा मोजल्या. सात. मग निळी बाटली चादरीवर उपडी केली, आत काडी घालून महिन्याभराचे धागे बाहेर काढले आणि रंगारंगानं वेगळे करायला लागल्या. कालचं काम आठवून त्या एकट्याच बोलत होत्या. राखाडी पतलूनचे इतके, जांभळ्या शालीचे इतके. मग गुडघ्यांवर बसल्या. फरशीच्या फटी झाल्या, उंबरा झाला, दारामागं झालं, पेटीची बाजू झाली. मग उठून स्वतःच्या ओढणीची कड प्रकाशात धरून बोटाबोटानं तपासली. मधून मधून पेटीखाली हात घालून "बेटा, ये" म्हणत होत्या. ठिगळी येत नव्हती.

मी दोनदा उठलो आणि दोनदा खाली बसलो. एकदा तर त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेलो आणि पाणी मागून परत आलो.

अडीच वाजता शालीचं गिऱ्हाईक आलं. शाल निम्मी झाली होती. आपांनी ती घडी करून त्या गृहस्थाच्या हातात दिली. "दुसऱ्याकडून करून घ्या, भाऊ."

"का हो आपा? तारखेला देते म्हणाला होतात."

"ह्यातला एक धागा माझ्या हातून कमी पडला, वाटतं. कुठं पडला ते मालूम नाय. एवढी सालं झाली. आता हात भरवशाचा राहिला नाय. हे काम बंद."

त्या हे रडून बोलल्या असत्या तर मी कदाचित तसाच बसून राहिलो असतो. त्या साध्या आवाजात बोलल्या, दुकान बंद करताना बोलतात तसं, आणि बोलून पितळेची डबी कोनाड्यातून काढून जो कुणी दुसरा रफूगार मिळेल त्याला द्या म्हणून गिऱ्हाइकाच्या हातातल्या शालीवर ठेवली. वडिलांची डबी. तो माणूस ती घ्यावी की न घ्यावी अशा घोटाळ्यात उभा होता.

मी ओसरी ओलांडली. "आपा, ती आत ठेवा. सात तुमच्या सातच आहेत. आठवी माझी."

आपांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिव्या खायला तयार होतो. आपांनी तीन प्रश्न विचारले.

"दोरा किती लांब?"

"हातभर."

"तोंडात दिसतो का?"

"दिसत होता. मी ओढला. तुटला."

"कधी?"

"दहाला."

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. तीन वाजत होते. पुढचं सगळं त्यांनी धावत केलं: पेटी एकटीनं सरकवली, ठिगळीला टॉवेलात गुंडाळून भाजीच्या झाकण असलेल्या टोपलीत ठेवलं, आणि मला टांगा आणायला पिटाळलं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नुकतेच एका म्हशीजवळून उठून हात धूत होते. दंडापर्यंत साबण लावलेला धिप्पाड माणूस. त्यांनी ठिगळीचं तोंड उघडून जिभेखाली पाहिलं, गळा चाचपला. "ओढला कुणी?"

मी बोट वर केलं, शाळेत करतात तसं.

"लोंबता दोरा दिसला की हात मागं बांधायचे आणि इकडं यायचं," डॉक्टर म्हणाले. "ओढला की आत सुई रुतते, आतडं चिरतं. तो दोरा बाहेर असता तर सुई कुठं आहे ते मला कळलं असतं. सकाळीच आणली असती तर कदाचित तोंडातूनच काढली असती. आता एक्स-रे फोटो काढून आणा."

फोटो काढायचं यंत्र माणसांचं होतं, जवळच्याच एका खाजगी जागेत. तिथल्या माणसानं सवयीनं विचारलं, "पेशंटचं नाव?" आपा म्हणाल्या, "ठिगळी." त्यानं लिहिलं. "वय?" आपा म्हणाल्या, "पाच." तेव्हा त्यानं वर पाहिलं. पण चिठ्ठी डॉक्टरांची होती, आणि आपांच्या चेहऱ्याकडं पाहून नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्यांनी स्वतःच्या हातांनी ठिगळीला पट्टीसारखी सरळ धरली. तो आतून सवयीनंच ओरडला, "श्वास रोखा." मी रोखला.

फोटोत सुई दिसली. पोटात, तिरपी, रेखीव. मी आयुष्यभर रेघा पाहिल्या, पण तशी रेघ पुन्हा पाहिली नाही.

परत आल्यावर डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "कापावं लागेल. मी कुत्र्याचं एकदा केलंय. मांजराचं कधी नाही. खरं ते सांगतो."

"मी पण टेरिकॉट पहिल्यांदा केलं तेव्हा कुठं आधी केलं होतं," आपा म्हणाल्या. "करा." मग त्या माझ्याकडं वळल्या. तासाभरात पहिल्यांदाच. "एक सांगा. ठिगळी दोऱ्याशी खेळते. मुद्दाम चावून गिळत नाय. हिनं का गिळला?"

मी म्हणालो, "तूप होतं त्याला."

"तूप?"

"तुम्ही लावता ना. दोरा सुळकन जायला. तो पिवळा गोळा."

"ते मेण हाय," आपा म्हणाल्या. डॉक्टरांनी तोंड भिंतीकडं केलं. त्यांचे खांदे हलत होते.

कापताना आपा आत थांबल्या, पाय धरायला. मलाही थांबवलं होतं, पण मी डोलायला लागल्यावर डॉक्टरांनी बाहेर काढलं. बाहेर कडुलिंबाभोवती मी फिरत राहिलो. एक शेतकरी बैल घेऊन बसला होता, त्यानं विचारलं, "काय गाय हाय का?" मी म्हणालो, "मांजर." तो बैल घेऊन थोडा लांब जाऊन बसला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातल्या वाटीत माझी सुई होती, मागं ओला दोरा. पाठोपाठ आपा, टोपली घेऊन. ठिगळी श्वास घेत होती. आपांनी टॉवेल बाजूला करून पोटावरचे टाके पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले.

"डाक्टरसाब, ही काय गोधडी केली?"

"आपा, दुपारीच मी म्हैस शिवत होतो," डॉक्टर म्हणाले. "जगली तर नावं ठेवा."

जगेल की नाही हे तीन दिवस कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या तीन दिवसांत आपा मांडीवर ठिगळीला घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. उठल्या नाहीत, झटकलं नाही, काही शोधलं नाही. त्यांना तसं स्वस्थ बसलेलं पाहवत नव्हतं. मी कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजायचं काम मागून घेतलं. त्यांनी दिलं, पण बोळ्याला दोरा बांधलेला नाही ना, हे दर वेळी पाहून. चौथ्या दिवशी सकाळी ठिगळीनं बशीतलं दूध चाटलं, दोनदा, आणि पाय ताणला. आपांनी तिला गादीवर ठेवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मला वाटलं, नमाज पढतील. त्यांनी कोपऱ्यातली चुंबकाची काठी घेतली आणि ओसरी ओलांडून सरळ माझ्या खोलीत शिरल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या माझी खोली चाळायच्या. परवानगी विचारायच्या नाहीत, काही बोलायच्या नाहीत. गादी उचलायच्या, खुर्ची उलटी करायच्या, आणि माझ्या चहाच्या डब्यातसुद्धा पाहायच्या. सुयांचं उरलेलं पाकीट त्याच दिवशी गेलं. शाल परत मागवून त्यांनी ती पुरी केली. माझा कोटही न मागता नेला आणि रफू करून आणून टांगला. त्या प्रसंगाबद्दल मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी दोनदा माफी मागायला गेलो, दोन्ही वेळा म्हणाल्या, "पाय उचला, खाली बघू द्या."

पुढं माझी बदली झाली. आपांची नजर मंदावली, तशा त्या नसीमकडं बिडकीनला गेल्या, ठिगळीसकट. पत्रं यायची, लिहायची नसीम, सांगायच्या आपा. ठिगळी म्हातारी होऊन गेली, हे एका पत्रातून कळलं. आणि दोन वर्षांनी आपा गेल्याचं कार्ड आलं.

मी पहिल्या एस.टी.नं बिडकीनला गेलो. बाजारातल्या एका किराणा दुकानात नसीमचा पत्ता विचारला. दुकानदारानं विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" मी म्हणालो, औरंगाबादला शेजारी होतो, ट्रेसर. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तांदळाच्या पोत्यावर एक मांजर झोपलं होतं. ते त्यानं उचललं आणि आत नेऊन दार लोटून घेतलं. मला बसायला जागा करून देतोय असं समजून मी त्या पोत्यावर टेकलो. पाणी मागितलं, त्यानं दिलं. नसीमच्या घरापर्यंत वाट दाखवायला आलेला माणूसही सारखा माझ्या हातांकडं पाहत होता. प्रवासात शाई सांडली की काय म्हणून मी हात दोनदा धोतराला पुसले.

नसीमनं खाटेवर बसवलं, चहा दिला. आपा शेवटपर्यंत चालत्या-फिरत्या होत्या, दिसेनासं झालं तरी फरशी चाचपायच्या, असं तिनं सांगितलं. मी म्हणालो, "नसीम, तुझ्या आईसारखं मन मी पाहिलं नाही. एवढा मोठा गुन्हा माझ्या हातून झाला, पण शेवटपर्यंत मला एका शब्दानं बोलल्या नाहीत."

नसीमनं माझ्या हातातली कपबशी घेतली आणि म्हणाली, "तुम्हाला नाय बोलली. साऱ्या बिडकीनला बोलली."